शिडाची होडी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट मागे टाकून माहुलीस येते. तेथे तिला वेण्णा मिळते. पुढे कऱ्हाडास कोयना समोरून येऊन तिला भेटते आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणेचे पाणी तिच्यात पडते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून वाहताना तिचे पात्र असे वाढत जाते, आणि काठच्या माणसांना पाण्यावरून जाण्याची विद्या शिकणे भाग पडते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्यापूर्वी पैलतीरी जावयाचे तर घाटावर उभे राहून नावाड्याला हाक घालावी लागे. आज पूल पुष्कळ झाले, तरी होडी काही गेलेली नाही. पावसाळ्यात सांगलीस कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा काठ माणसांनी फुलून जातो आणि एका तालात पडणाऱ्या वल्ह्यांबरोबर पाहणाऱ्यांचे खांदेही नकळत हलू लागतात.

या भागात आणखी एक नवल पाहावयास मिळते. गुऱ्हाळात उसाचा रस आटविण्यासाठी भली मोठी लोखंडी काहील असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अडीअडचणीच्या वेळी हीच काहील पाण्यात लोटून, तिच्यात बसून, माणसे पाणी ओलांडतात. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. साधा खिळा पाण्यात टाकला तर तो तत्काळ तळ गाठतो, आणि हजारो खिळ्यांच्या वजनाची काहील मात्र माणसांसह तरंगते! याचे कारण ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगून ठेवले आहे. पाण्यात शिरणारी प्रत्येक वस्तू स्वतःसाठी जागा करताना काही पाणी बाजूस सारते. जेवढे पाणी बाजूस सारले जाते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने उरलेले पाणी त्या वस्तूला वर उचलून धरते. खिळा लहान, तो सारतो थेंबभर पाणी, आणि थेंबभर पाण्याचा जोर त्याला पेलू शकत नाही. काहिलीचे लोखंड मात्र ठोकून पसरलेले असते. तिचे पोट पाण्यात बुडू लागले की घागरीमागून घागर पाणी बाजूस सरते, आणि त्या पाण्याचे वजन लोखंड व माणसे यांच्या वजनाएवढे झाले की काहील तेथेच ठरते. तरंगणे हा केवळ पदार्थाचा गुण नसून आकाराचाही गुण आहे, तो असा.

काहील तरंगते खरी, परंतु तिला होडी म्हणता येणार नाही. एक वल्हे मारावे तर ती पुढे जाण्याऐवजी गरगर फिरू लागते, कारण तिला ना पुढचा भाग, ना मागचा. होडीला निमुळते तोंड असते. ते पाणी दुभंगीत जाते. तिची लांबी रुंदीच्या तिपटी-चौपटीने अधिक असल्यामुळे ती सहसा आडवी वळत नाही. वल्ह्याने चालणाऱ्या होडीला एवढे पुरते. तिच्यावर शीड उभारले, की एक नवीनच प्रश्न उभा राहतो. वारा शिडाला नुसता पुढे ढकलीत नाही, तो त्याला आडवे पाडावयासही पाहतो. वाऱ्याचा जोर घेऊनही जी उलथत नाही, ती शिडाची होडी. ही गोष्ट साधते कशी, हे पुस्तकात वाचून जेवढे कळते त्याच्या दसपट एक लहानशी होडी स्वतःच्या हातांनी करून पाहिल्याने कळते. म्हणून आपण या पाठात हातभर लांबीची, लाकडाची, खरोखर वाऱ्यावर चालणारी होडी तयार करू.

त्याआधी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. कृष्णेवर शिडाच्या होड्या का दिसत नाहीत? नदीचे काठ उंच आणि त्यांवर दाट झाडी. त्यामुळे पात्रात वारा तुटक तुटक उतरतो. त्यातून पाण्याला ओढ. शीड मांडावे, वळवावे, पुन्हा मांडावे, एवढी ऐसपैस जागा तेथे नसते. शिडाचे घर म्हणजे समुद्र. साताऱ्यापासून समुद्र दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. तरीही साताऱ्याचा शिडांशी संबंध आला होता. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, आणि कोकणकिनाऱ्यावरील मराठ्यांची गलबते साताऱ्याच्या गादीचा मान राखू लागली. अगदी अलीकडची गोष्ट सांगावयाची तर, अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात एक जहाज बांधण्यात आले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत! ‘कौंडिण्य’ असे त्याचे नाव. मे २०२५ मध्ये ते कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिडे उभारून पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. जुन्या चित्रकाराने शिडे, दोऱ्या आणि सुकाणू इतक्या नेटकेपणाने रेखाटले नसते, तर आजच्या कारागिरांना हा आधार मिळाला नसता.

आता आपल्या होडीकडे वळू. पहिला प्रश्न लाकडाचा. बाभूळ आणि शिसव ही लाकडे टणक व जड. ती हत्यारालाही दाद देत नाहीत. साग उत्तम, परंतु महाग. पांगाऱ्याचे लाकूड हलके व मऊ असते. सावंतवाडीचे खेळणी करणारे कारागीर ते वापरतात. ते न मिळाल्यास सुताराच्या दुकानी देवदारी फळीचा तुकडा मागावा. लाकडात गाठ नसावी आणि ते चांगले वाळलेले असावे, कारण ओल्या लाकडाची होडी वाळताना तडकते.

लाकूड किती हलके आहे हे तराजूवाचूनही समजते. त्याच लाकडाची एक सरळ, सारख्या जाडीची कांब घ्यावी. तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा करून दहा भाग पाडावेत आणि ती पाण्याने भरलेल्या उंच, अरुंद भांड्यात उभी सोडावी. पाच भाग बुडाले, तर ते लाकूड पाण्याच्या निम्म्या वजनाचे आहे असे समजावे. तीन बुडाले तर फारच छान. आठ बुडाले तर ते लाकूड चुलीसाठी ठेवावे.

आपण पाच भाग बुडणारे लाकूड मिळाले असे धरू. छत्तीस सेंटिमीटर लांब, बारा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड असा ठोकळा हवा. ठोकळ्याएवढाच कागद कापून त्याची लांबीवर मधोमध घडी घालावी. घडीच्या एका बाजूस होडीच्या अर्ध्या अंगाची रेषा काढावी: पुढे टोक, तेथून फुगत फुगत मधल्या भागी पूर्ण रुंदी, आणि मागे किंचित आवळून आडवी कापलेली. त्या रेषेवर कात्री चालवून कागद उलगडला, की दोन्ही अंगे हुबेहूब सारखी उतरतात. हे सारखेपण फार महत्त्वाचे. एक कूस दुसरीपेक्षा फुगीर राहिली, तर होडी जन्मभर एका अंगाला वळत राहील. मग सुकाणू कितीही फिरवा. कागद ठोकळ्यावर ठेवून पेन्सिलीने रेषा उतरवावी आणि ठोकळा शिकंजात घट्ट आवळून करवतीने बाहेरचे कोपरे उडवावेत. त्यानंतरचे काम पटाशीचे आणि कानशीचे. पटाशी नेहमी अंगापासून दूर जाईल अशी चालवावी आणि तिच्या वाटेत दुसरा हात कधीही ठेवू नये. हे काम घरातील मोठे माणूस किंवा सुतारकाका जवळ असतानाच करावे. तळाच्या कडा गोल कराव्यात, टोकाकडचा भाग खालून वर चढत न्यावा आणि शेवटी काचकागदाने घासून अंग असे करावे, की डोळे मिटून हात फिरविला तर तो कोठेही अडखळू नये. पुष्कळ मुलांना हे घासण्याचे काम कंटाळवाणे वाटते. वस्तुतः होडीला वेग येतो तो येथेच.

अशी झालेली नुसती होडी टाकीत किंवा मोठ्या घंगाळात सोडावी. ती जवळजवळ निम्मी बुडून तरंगेल. आता एक प्रयोग करावयाचा आहे. त्यात घाई करू नये. पाणी जेथवर पोचले आहे तेथे पेन्सिलीने बारीक खूण करावी. मग होडीच्या मध्यावर शंभर-शंभर ग्रॅमची तीन वजने ठेवावीत आणि पुन्हा खूण करावी. दोन खुणांतील अंतर सुमारे एक सेंटिमीटर भरेल. याचा हिशेब सोपा आहे. ठोकळ्याची लांबी-रुंदी गुणली तर चारशे बत्तीस चौरस सेंटिमीटर होतात. कोपरे उडाल्यावर होडीने पाण्यावर व्यापलेली जागा सुमारे तीनशे चौरस सेंटिमीटर उरते. ती एक सेंटिमीटर खाली गेली, की तीनशे घनसेंटिमीटर पाणी बाजूस सरते, आणि तेवढ्या पाण्याचे वजन तीनशे ग्रॅम असते. जेवढे ओझे वाढले, तेवढेच पाणी सरले. पाण्याचा हिशेब चोख असतो.

हाच हिशेब खऱ्या होडीला लावून पाहा. समजा, एक होडी सहा मीटर लांब आणि मध्ये दीड मीटर रुंद आहे. दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे तिने पाण्यावर व्यापलेली जागा सुमारे सहा चौरस मीटर होईल. अशी होडी एक सेंटिमीटर खाली जाताना साठ लिटर, म्हणजे साठ किलोग्रॅम पाणी सारते. साठ किलोग्रॅम हे एका प्रौढ माणसाचे वजन. तेव्हा प्रत्येक माणूस होडीत बसला, की तिची कड पाण्याच्या एक सेंटिमीटर जवळ येते. दहा माणसे अधिक झाली, तर दहा सेंटिमीटर. होडी बुडत मात्र नाही. ती तरंगतच असते, आणि म्हणूनच काठावरच्या माणसाला धोका दिसत नाही. पण आता तिच्या कडेत आणि पाण्यात वीतभरच अंतर उरलेले असते. अशा वेळी दोघे-चौघे एका बाजूस सरकले, कोणी घाबरून उभे राहिले किंवा एक लाट आडवी आली, की कड पाण्याखाली जाते. एकदा कडेवरून पाणी आत आले, की ते खोलगट बाजूस धावते, तीच बाजू आणखी जड होते आणि मग सावरण्यास अवधी राहत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट मानली जाते. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे गाव येरळा आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ आहे. पुराने वेढलेल्या या गावातून बाहेर पडण्यासाठी ८ ऑगस्ट रोजी माणसे होडीत बसली. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. मागे राहण्याची कोणाचीच तयारी नव्हती, आणि ते स्वाभाविकच होते. होडी माणसांनी भरून गेली आणि पुराच्या पाण्यात उलटली. अनेकांचे प्राण गेले. त्या दिवशी पाणी सर्वत्र होते, प्रवाहाला ओढ होती, झाडांच्या फांद्या पाण्याखाली दडलेल्या होत्या. अशा ठिकाणी होडीची कड पाण्यापासून किती वर आहे, यावर सारे अवलंबून असते. नावाडी ‘खाली बसा, हलू नका, आता आणखी कोणी नको’ असे ओरडतो, तेव्हा तो रागावलेला असतो असे नाही. तुम्ही घंगाळात पेन्सिलीने केलेल्या दोन खुणा त्याला होडीच्या कडेवर दिसत असतात.

आता डोलकाठी उभी करू. होडीच्या टोकापासून बारा सेंटिमीटरांवर, मधल्या रेषेत, गिरमिटाने करंगळीच्या जाडीचे भोक पाडावे आणि त्यात चाळीस सेंटिमीटर लांबीची वेळूची सरळ काठी घट्ट बसवावी. होडी पुन्हा पाण्यात ठेवा आणि डोलकाठीच्या शेंड्याला बोटाने हलकेच स्पर्श करा. होडी लगेच कलेल, कदाचित उलटेलही. मघाशी तीनशे ग्रॅम वजन सहज वाहणारी ही होडी आता एका बोटाने पडते! ओझे तितके महत्त्वाचे नाही, ते कोठे आहे हे महत्त्वाचे आहे. काठी उंच, तिच्यावरचा जोरही उंच. आणि तो परतवून लावण्यास खाली काहीच नाही. उभ्या माणसाने भरलेली होडी बसलेल्या माणसांच्या होडीपेक्षा लवकर का उलटते, याचे उत्तरही येथेच मिळते.

खाली जे हवे तो होडीचा कणा. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तेरा सेंटिमीटर खोल अशी पट्टी कापावी. होडीच्या तळाशी मधल्या रेषेवर करवतीने एक सेंटिमीटर खोलीची खाच पाडावी. तिचा मध्य होडीच्या मध्याशी यावा. पाण्याने न सुटणाऱ्या सरसाने ही पट्टी खाचेत उभी बसवावी, म्हणजे ती बारा सेंटिमीटर खाली लोंबती राहील. आता तिच्या खालच्या कडेला वजन हवे. पुष्कळ जुन्या वर्णनांत शिसे वितळवून ओतावे असे सांगितलेले आढळते. ते करू नये. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते. घरबांधणीत वापरतात ती बारा मिलिमीटर जाडीची सळई आपणांस पुरेशी आहे. तिचा एक मीटर तुकडा सुमारे आठशे नव्वद ग्रॅम भरतो. तेव्हा चौदा-चौदा सेंटिमीटरांचे दोन तुकडे घेतले, तर दोहोंचे मिळून अडीचशे ग्रॅम होतात. पट्टीच्या तळाशी दोन्ही बाजूंना एक एक तुकडा ठेवून, पट्टीत भोके पाडून तांब्याच्या तारेने ते करकचून बांधावेत.

ज्या शेंड्याला स्पर्श करताच होडी पडत होती, तोच शेंडा आता पार पाण्यापर्यंत वाकवून सोडून द्या. होडी आपल्या आपण उठून उभी राहते. होडी कलली की तळाचे लोखंड एका बाजूस वर उचलले जाते. ते पुन्हा सर्वांत खालच्या जागी येऊ पाहते आणि येताना होडीलाही सरळ करते. जितकी होडी अधिक कलते, तितका त्याचा जोर वाढतो. समुद्रावरील जहाजांच्या तळाशी दगड किंवा लोखंड भरून हेच साधीत असत. त्या भाराला नीरम म्हणतात. मोकळे जहाज परत न्यावयाचे असले, तर माल नसतानाही त्यात नीरम भरावे लागे. वजन घालून होडी सुरक्षित होते हे ऐकावयास विचित्र वाटते. पण कडेवर बसलेले वजन आणि तळाशी बांधलेले वजन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

रंगाचे काम शिडाआधी उरकावे. लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि वर तेलरंग लावावा. सळईला रंग विशेष काळजीने लावावा. रंग कोणता, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपविलेले बरे. पण दूरच्या पाण्यात तांबडी किंवा पिवळी होडी चटकन दिसते आणि निळी हरवते.

शिडासाठी मांजरपाटापेक्षा विणीने दाट आणि वजनाने हलके असे कापड घ्यावे. जुन्या छत्रीचे कापड फार चांगले. ते पाणीही पीत नाही. मोठे शीड त्रिकोणी असावे, उभी बाजू चौतीस सेंटिमीटर आणि खालची वीस. उभी बाजू डोलकाठीला शिवावी आणि खालची बाजू एका बारीक आडकाठीला. ही आडकाठी डोलकाठीशी अशी बांधावी, की ती दाराच्या झडपेप्रमाणे दोन्ही बाजूंना फिरेल. तिच्या मागच्या टोकाला दोरी लावून ती होडीच्या पाठीवरील एका कडीतून ओवावी. म्हणजे शीड किती उघडावे हे त्या दोरीने ठरविता येते. पुढचे लहान शीड डोलकाठीच्या वरच्या भागापासून होडीच्या टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्यावर बसवावे. मागच्या कडेला पत्र्याचे लहान सुकाणू जाड तारेवर असे बसवावे, की ते ज्या कोनात फिरवावे त्या कोनातच घट्ट राहील.

ही होडी कृष्णेच्या वाहत्या पाण्यात सोडावयाची नाही. गावचा तलाव, शेततळे किंवा रुंद टाकी पाहावी, बरोबर मोठे माणूस असावे आणि स्वतः काठावरच राहावे. मोठी विस्तीर्ण जागा कशी असते हे पाहावयाचे असेल, तर सातारा जिल्ह्यात बामणोलीस जावे. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले. त्याच्या मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयावरून आजही वासोट्याकडे जाणाऱ्या होड्या सुटतात. त्या यंत्रावर चालतात, पण तेथे दुपारी सुटणारा वारा अंगावर घेतला, की शिडाची आठवण येतेच.

वारा पाठीमागून असला, तर शीड पुरते उघडावे. होडी वाऱ्याबरोबर पुढे जाते. यात नवल नाही. झाडाचे वाळलेले पानही तेच करते. खरे नवल पुढे आहे. वारा उजवीकडून आडवा येत असतानाही होडी डावीकडे न सरकता सरळ पुढे धावते! ओल्या चिंचोक्याला अंगठा आणि बोट यांत धरून दाबा. दाब दोन बाजूंनी आहे, पण चिंचोका तिसऱ्याच दिशेने, समोर, सुळकन निसटतो. होडीचेही तसेच आहे. शिडावर वाऱ्याचा जोर आडवा-तिरपा पडतो. कण्याची रुंद पट्टी पाण्यात आडवे सरकू देत नाही. दोहोंच्या मध्ये सापडलेली होडी मोकळ्या दिशेने, म्हणजे पुढे, निसटते. शिवाय फुगलेल्या शिडाच्या बाहेरच्या अंगावरून वारा वेगाने वळसा घेऊन जातो, तेथे हवेचा दाब कमी होतो आणि शीड तिकडे ओढले जाते. विमानाचे पंखही याच युक्तीने विमानाला उचलून धरतात. म्हणजे कण्याची पट्टी दोन कामे करते: सळईचे वजन खोल नेते आणि होडीला आडवे सरकू देत नाही. ती काढून घ्या, आणि तीच होडी खेकड्यासारखी आडवी चालू लागेल.

पहिल्या दिवशी होडी सांगितलेल्या दिशेने क्वचितच जाते. ती सारखी वाऱ्याकडे तोंड वळवून थबकत असेल, तर मोठ्या शिडाची दोरी थोडी सैल करावी. ती वाऱ्याकडे पाठ करून पळत असेल, तर पुढचे शीड सैल करावे. टोक पाण्यात खुपसत असेल, तर होडीच्या मागच्या भागावर लहानसे वजन चिकटवून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर कोणत्याने गुण आला हे कळत नाही. वैशाखातील वावटळी वाऱ्यात मोठे शीड खाली गुंडाळून निम्मे करावे. समुद्रावरचे तांडेलही वादळाची चाहूल लागताच हेच करतात.

वाऱ्याच्या अगदी तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. पण परतीची वाट वाऱ्याकडेच असते, मग काय करावे? वारा समोरून येत असता होडीचे तोंड उजवीकडे तिरपे ठेवावे आणि शीड आवळून घ्यावे. ती पलीकडच्या काठाकडे तिरपी जाते, पण जाता जाता थोडी वाऱ्याच्या दिशेनेही सरकते. तेथे गेलेल्या सोबत्याने तिला उचलून तोंड डावीकडे तिरपे करावे, सुकाणू दुसऱ्या अंगाला फिरवावे आणि सोडावे. घाटाचा रस्ता जसा नागमोडी वळणे घेत डोंगर चढतो, तशी होडी वारा चढते. पसरणीच्या घाटाने वाईहून पाचगणीस जाताना वळणांचा कंटाळा येतो, हे खरे. सरळ रस्ता मात्र तेथे कोणी काढू शकलेले नाही.

संध्याकाळी होडी पाण्याबाहेर काढल्यावर प्रथम शिडे सैल करावीत, नाही तर ओले कापड आकसून काठी वाकते. मग अंग कोरड्या फडक्याने पुसून होडी सावलीत आडवी ठेवावी. सळईवरच्या रंगाचा एखादा टवका दगडाला लागून उडालेला असतो. तो त्याच रात्री वाळवून, घासून रंगवून टाकावा. दुसऱ्या दिवसापर्यंत तेथे गंज धरतो.